कान्ह्याचं घाटलं

आपल्या मेसच्या फीस्टचं गोड म्हणजे फोर स्ट्रोक इंजिन आहे. श्रीखंड, बासुंदी, गुलाबजाम, शेवयांची खीर... आणि पुन्हा श्रीखंड! तीन वर्षं झाली, सायकल बदललेली नाही. मध्ये एकदा मेस कमिटीने क्रांती केली आणि फ्रूट सॅलड आणलं. तेही निघालं कस्टर्डचं, म्हणजे पुन्हा दुधाचंच. पब्लिकला याचं काही वाटत नाही. मलाही वाटलं नसतं, पण माझ्या रूममध्ये खिडकीकडच्या कॉटवर कान्हा राहतो.

कान्हा हे त्याचं खरं नाव नव्हे. फर्स्ट इयरला ओळखपरेड चालू असताना कुणीतरी विचारलं, "काय खातोस?" तो सरळपणे म्हणाला, "दूध, दही, लोणी, तूप सोडून काहीही." संध्याकाळपर्यंत बारसं झालेलं होतं. गंमत म्हणजे हा गडी कोल्हापूर जिल्ह्यातला. घरी दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं. कोल्हापुरात गंगावेशीला रात्री दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या करून तिथल्या तिथे धार काढून फेसाळतं दूध पाजतात, आणि लोक ग्लासवर ग्लास रिचवतात. कान्हा सांगतो, "सगळी मित्रमंडळी दूध प्यायची आणि मी शेजारी उभा राहून शेंगदाणे खायचो."

त्याला दुधाची ॲलर्जी आहे. इथे एक खुलासा करणं भाग आहे, कारण होस्टेलमधल्या नव्वद टक्के लोकांचा इथे घोळ होतो. "मलापण दूध पचत नाही रे" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचा प्रश्न दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. लहानपणी आपल्या आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, मोठेपणी बहुतेकांचं कमी होत जातं. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचं हे असंच आहे. म्हणजे दूध पचणारेच खरे अल्पसंख्य! अशा माणसाला दुधाने पोट फुगतं, गुरगुरतं, सकाळी लाइन मोडून पुढे जावं लागतं. दही-ताक त्याला बरेचदा चालून जातं, तूप तर चालतंच. कान्ह्याचं प्रकरण वेगळं. त्याचं शरीर दुधातल्या प्रोटीनलाच शत्रू समजतं. केसिन काय, व्हे काय, दिसलं की लढाई सुरू. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात आणि वेळ वाईट असेल तर श्वास अडकतो. लहान मुलांमध्ये ही ॲलर्जी आढळते आणि बहुतेकांची वाढत्या वयात जाते. कान्ह्याची गेली नाही.

त्यामुळे त्याला मिळणारे फुकट सल्ले सगळे वाया जातात. "अरे ताक पी, ताकाने काही होत नाही." ताकात तेच प्रोटीन. "उकळून उकळून घट्ट केलेलं खा." केसिन उकळल्याने जात नाही. "बकरीचं पिऊन बघ." गाय, म्हैस, बकरी, तिघींची प्रोटीन्स इतकी सारखी असतात की एकीचं चालत नाही त्याला सहसा दुसरीचंही चालत नाही. "तूप तर शुद्ध फॅट आहे, त्यात प्रोटीन कुठलं?" हा सल्ला जरा अभ्यासू, पण घरच्या कढवलेल्या तुपात बेरीचा अंश राहतोच, आणि कान्ह्याचं शरीर मायक्रोमीटर स्क्रू गेज आहे, लीस्ट काउंट फार बारीक.

पण सल्ल्यांपेक्षा भयंकर म्हणजे आग्रह. आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसाने नको म्हणणं म्हणजे लाजणं, असा समज आहे. नको म्हटलं की वाढणाऱ्याचा हात आणखी पुढे येतो. "थोडंसं घे रे, काही होत नाही!" हे वाक्य कान्ह्याने आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. बारावीत असताना एका लग्नात असाच एक लाडू त्याच्या तोंडात घातला गेला. प्रेमाने, हसत हसत. रात्र दवाखान्यात गेली. ज्यांनी घातला त्या बाई दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "पण त्यात दूध नव्हतं रे, खवा होता फक्त."

तेव्हापासून तो फीस्टच्या दिवशी पानात गोड वाढायच्या आधीच उठतो. वाटी उपडी घालतो आणि उठतो. नंतर रूमवर शेंगदाण्याची चिक्की खातो. पहिल्या वर्षी मी त्याला दोन-तीनदा विचारलं, "अरे बस की, गप्पा मारू." त्याचं उत्तर, "बसलो की वाढणारा येतोच." यावर काय बोलणार?

तर सेकंड इयर संपल्यावर मे महिन्यात मी त्याला आमच्या घरी घेऊन गेलो. आमचं गाव मालवणपासून जरा आत. त्याने यायच्या आधीच फोनवर आईला सगळी यादी दिली होती. आजीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पोचल्यावर आजीने पहिला प्रश्न टाकला, "खयचो रे तू?" दुसरा, "काय खातस?" कान्ह्याने सवयीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. आजी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता 'थोडंसं घे' सुरू होणार. पण आजी म्हणाली, "मगे काय झाला! ह्या घरात दूध फकत चायक लागता."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच की! आमच्या घरचे सणाचे गोड पदार्थ आठवून बघा. शिरवाळे आणि रस. खापरोळी आणि रस. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं. पातोळ्या. दूध कशातच नाही. आजीच्या लहानपणी गाय होती, पण ती बिचारी दिवसाला शेरभर दूध द्यायची आणि तेवढ्यात सगळ्या घराचा चहा. नारळ मात्र परसात. मग देवाचं गोड नारळाचं होणार हे उघड आहे. पेपरात हल्ली 'दुधाला पर्याय' म्हणून काय काय छापून येतं. आमचा रस कुणाचा पर्याय नाही. आम्ही तर त्याला दूध असं म्हणतसुद्धा नाही. तो रस आहे, बास.

दुसऱ्या दिवशी शिरवाळ्यांचा बेत ठरला. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाच्या ताज्या शेवया. पिठाचे मुटके करून उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. हे काम एकट्याचं नाही, एकाने साचा धरायचा आणि दुसऱ्याने अंगातली सगळी ताकद लावायची. कोल्हापूरच्या तालमीचा माणूस घरात असल्यामुळे आजी फार खुशीत होती. पण आपला विषय शिरवाळे नव्हे, त्यावर ओतायचा रस.

आजीकडे माप नाही. "किती गूळ?" विचारलं तर "हाताक विचार" असं उत्तर येतं. इंजिनीअरिंगची दोन वर्षं झालेल्या माणसाला हे सहन होत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मापाचं भांडं घेऊन शेजारी बसलो आणि आजीच्या हाताला विचारत गेलो. रीडिंग असं आलं:

एक मोठा नारळ खोवला की साधारण 200 ग्रॅम चव निघाला. त्यात वाटीभर कोमट पाणी घालून तो बारीक वाटायचा (आजी पूर्वी पाट्यावर वाटायची, आता मिक्सर आहे), पंच्यात घालून पिळायचा. हा जाड रस. तो बाजूला ठेवायचा. चोथ्यात पुन्हा दोन वाट्या कोमट पाणी घालून पुन्हा वाटायचं, पुन्हा पिळायचं. हा पातळ रस. पाणी कोमटच हवं, गार पाण्याने खोबऱ्यातलं तेल नीट सुटत नाही. मग सव्वाशे ग्रॅम चिरलेला गूळ पातळ रसात विरघळवून गाळून घ्यायचा, कारण गुळात काडी-कचरा असतोच. त्यात जाड रस मिसळायचा, चार-पाच वेलदोड्यांची पूड, असेल तर जरासं जायफळ, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरायचं नाही. मीठ नसेल तर रस नुसता गोड लागतो, मीठ असेल तर नारळाचा लागतो. झालं. गॅस पेटवायचीसुद्धा गरज नाही.

होस्टेलवर गॅस नाही आणि शेगडी पकडली की दंड, तेव्हा या शेवटच्या वाक्याचं महत्त्व सुज्ञांनी ओळखावं.

"जरा गरम केला तर?" मी विचारलं. आजी म्हणाली, "उकळवलंस तर त्येचा तेल होतला. मगे डोक्याक लाव!" आणि हे शंभर टक्के खरं आहे. घरचं खोबरेल करायची एक जुनी रीत हीच, रस काढायचा आणि उकळत बसायचं. नारळाचा रस हे इमल्शन आहे, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब तरंगतात. तेल आणि पाणी एकमेकांशी बोलत नाहीत हे आपण सगळेच जाणतो. इथे त्यांच्यात मध्यस्थी करतात नारळातली प्रोटीन्स. ती प्रत्येक थेंबाभोवती पातळ कवच करून बसतात. तापमान 80 अंशांच्या आसपास गेलं की ही प्रोटीन्स गोठतात, कवच फुटतं, थेंब एकमेकांना भेटतात आणि तेल वर येतं. रस फुटला म्हणतात तो हा असा.

गाईचं दूध फाटतं ते वेगळ्या कारणाने. तिथे केसिनची गडबड असते. आंबटपणा वाढून पीएच 4.6 च्या जवळ गेला की केसिन एकत्र येऊन खाली बसतं. गूळ किंचित आम्ल असतो, शिवाय त्यात क्षार असतात. म्हणून गरम दुधात गूळ घातला की खीर फाटण्याची धास्ती असते, आणि म्हणून गुळाची खीर करताना आधी दूध गार करा, मग गूळ घाला, असं आया सांगतात. नारळाच्या रसात केसिनच नाही. तेव्हा गूळ बिनधास्त घाला. गूळ आणि नारळ यांची जोडी का जमली असेल याचं एक कारण मला तरी हे वाटतं. दुधाच्या जागी नारळ 'चालवून घेतला' असं नाही, गुळाशी नारळाचं खरंच जास्त पटतं.

रस तासा-दोन तासात वरखाली होतो, जाड वर आणि पाणचट खाली. यात काही बिघडलेलं नसतं, ढवळलं की झालं. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये स्टोक्सचा नियम आहे: थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. हाताने पिळलेल्या रसात थेंब मोठे, म्हणून घाई. डेअरीत दूध होमोजिनायझरमधून काढतात, तिथे थेंब फोडून इतके बारीक करतात की साय धरतच नाही. ऑग्युस्त गोलॅं नावाच्या फ्रेंच माणसाने 1899 साली या यंत्राचं पेटंट घेतलं. आमच्या घरी होमोजिनायझर म्हणजे डाव. आणि रस फ्रिजमध्ये ठेवू नका असं आजी म्हणते त्यालाही कारण आहे. खोबरेल साधारण 24 अंशांना गोठतं, त्यामुळे फ्रिजमधून काढलेल्या रसावर पापडासारखा थर येतो. बाहेर ठेवला तर काही तासांत आंबतो. म्हणजे करा आणि संपवा, उद्याची भानगड नाही.

शिरवाळे वाटीत घातले, वर रस ओतला. कान्ह्याने पहिला घास घेतला, थांबला, म्हणाला, "आयला, ही तर गुळवणीच की रं! पण सावकाराघरची."

गुळवणी म्हणजे त्यांच्याकडे पुरणपोळीबरोबर करतात ते गुळाचं वेलदोडा-सुंठ घातलेलं पाणी. घरचे सगळे दूध-तूप घेऊन पोळी खायचे तेव्हा त्याच्या वाट्याला गुळवणी यायची. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "गूळ तुमचोच. घाटारसून येता. नारळ आमचो. दोगांची गाठ टोपात पडता." हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. कोकणात ऊस फारसा नाही. आमचा सगळा गोडवा पिढ्यानपिढ्या घाट उतरून आलेला. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कान्ह्याने लगेच छाती फुगवली. त्या दिवशी त्याने चार वाट्या खाल्ल्या. आणि त्याला कुणीही 'थोडंसं घे' म्हटलं नाही, कारण म्हणायची वेळच आली नाही.

आता घाटलं. घाटलं म्हणजे रसाचा शिजवलेला भाऊ. गौरीला घावनांबरोबर लागतं. आजीच्या मते घाटत राहावं लागतं म्हणून घाटलं. पातळ रस गार असतानाच त्यात एका नारळाला दोन मोठे चमचे, म्हणजे वीसेक ग्रॅम तांदळाचं पीठ कालवायचं. गरम रसात पीठ टाकलंत तर गुठळ्या होतील आणि त्या आयुष्यभर मोडणार नाहीत. मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. हात थांबवायचा नाही. तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगला की एकदम दाटपणा येतो आणि पिठाचा कच्चा वास जातो. मग गूळ. गूळ विरघळून थोडं पातळ होतं, घाबरायचं नाही. शेवटी आच अगदी कमी करून जाड रस घालायचा, वाफ धरली की उकळी फुटायच्या आत खाली उतरवायचं. वेलदोडा, मीठ. डावातून धार पडली पाहिजे, गोळा नाही.

घाटल्याचा फायदा असा की ते फुटत नाही आणि वरखालीही होत नाही. स्टोक्सच्या सूत्रात छेदात व्हिस्कॉसिटी असते. आजीने पीठ घालून छेदच वाढवला! सूत्र माहीत नसताना वाढवला हे विशेष, आम्ही सूत्र पाठ असूनही काही वाढवू शकत नाही, मार्कसुद्धा.

हे सगळं सांगायचं कारण यंदाचा होस्टेलचा गणपती. फीस्टची मीटिंग चालली होती. श्रीखंडाचा नंबर होता. मी म्हटलं, यंदा घाटलं करू. "काय टलं?" इथून सुरुवात. मग मी कान्ह्याचं नाव न घेता, कोकणातला पारंपरिक पदार्थ, गौरीचा नैवेद्य वगैरे भाषण ठोकलं. कान्हा मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. त्याला आवडलं नाही हे मला दिसत होतं. 'माझ्यासाठी काही वेगळं करू नका' हे त्याचं ब्रीदवाक्य आहे. पण वेगळं करायचंच नव्हतं ना! एकच पातेलं, सगळ्यांना तेच. मेसवाल्या काकांनी हिशोब मांडला, श्रीखंडापेक्षा स्वस्त पडलं, आणि ठराव मंजूर. (पारंपरिक वगैरे कुणी ऐकलं नव्हतं, हे नंतर कळलं.)

चौसष्ट जण. माणशी दीडशे मिली धरले तर साडेनऊ लिटर. एका नारळाचे दोन्ही रस, गूळ, पीठ मिळून सहाशे मिली भरतात, म्हणजे सोळा नारळ. फॅक्टर ऑफ सेफ्टी धरून अठरा. गूळ सव्वादोन किलो, तो कान्ह्याने घरून मागवला, काळपट तांबूस. पांढराशुभ्र पिवळाधमक गूळ घ्यायचा नाही हे त्याने सगळ्यांना दम देऊन सांगितलं, तो रंग केमिकलने आणलेला असतो. शिरवाळे चौसष्ट जणांना दाबून घालणं अशक्य होतं, तेव्हा मेसमध्ये खिरीसाठी असतात त्याच गव्हाच्या शेवया पाण्यात उकडून निथळायच्या ठरल्या. आजीला फोनवर सांगितलं तेव्हा ती दोन सेकंद गप्प झाली. असो.

अठरा नारळ खोवणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा एकाने बाजारातून नारळाच्या दुधाची पावडर आणायची आयडिया काढली. पाणी घाला, झालं! आम्ही दोघं दुकानात गेलो. कान्हा पाकिटं उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचतो, आपण स्कोअर वाचतो तसं. त्याने पाकीट उलटं केलं आणि बोट ठेवलं: सोडियम केसिनेट. म्हणजे दुधातलंच केसिन. नारळाच्या रसाची पावडर करताना तेलाचे थेंब धरून ठेवायला ते घालतात. 'नॉन-डेअरी' म्हणून विकतात त्या कॉफीच्या क्रीमरमध्येही बरेचदा हेच असतं. समोर नारळाचं झाड, मागे गाय! 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर दूध असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, आणि लिहिलेलं होतंही, पण ते वाचणार कोण? मी तर वाचलं नसतं. कान्ह्याने पाकीट जागेवर ठेवलं आणि म्हणाला, "चल, नारळ फोडू."

खोवायच्या भानगडीत न पडता खोबऱ्याचे तुकडे करून मेसच्या चटणीच्या मोठ्या मिक्सरला लावले. तुकड्यांची काळी पाठ तशीच राहते, त्याने रस करडा दिसतो. पण गूळ पडल्यावर रंग कोण विचारतो? पिळायला मेसचा पंचा पुढे आला. कान्ह्याने हात वर केला. त्याच पंच्यात दर महिन्याला श्रीखंडाचा चक्का टांगतात. मग नवीन कापड आणलं. पातेलं, डाव, चाळण, सगळं त्याने स्वतः साबणाने दोनदा घासलं. शेवया तुपात परतायच्या नाहीत, तेलात. वाढायला वेगळी बादली. काका सुरुवातीला वैतागले, मग त्या लग्नातल्या लाडवाची गोष्ट कळल्यावर गप्प झाले आणि स्वतःच पोरांना ओरडायला लागले, "ए, चहाचा डाव इकडे आणू नका रे!"

घाटायला आम्ही आठ जण, पंधरा-पंधरा मिनिटांच्या शिफ्ट. साडेनऊ लिटरचं पातेलं तळाला लवकर धरतं, म्हणून कान्हा सगळ्यांच्या मागे उभा राहून 'तळातनं, तळातनं' करत होता.

आठ वाजता पानं मांडली. कान्हा नेहमीच्या जागी, दाराजवळ, उठून जायला सोयीच्या. वाटी मात्र सरळ. मी समोर होतो, मुद्दाम भाजीकडे बघत होतो. वाढणारा बादली घेऊन आला, एक डाव घातला, आणि जित्याची खोड, म्हणाला, "घे रे अजून थोडंसं, काही होत नाही!"

"घाल," कान्हा म्हणाला.

तीनदा घेतलं त्याने. सगळ्यात शेवटी उठला.

पब्लिकचं मत संमिश्र होतं. मराठवाड्याच्या दोघांना खोबऱ्याचा वास आवडला नाही. एकाने 'श्रीखंड कुठाय' असं खास विचारून घेतलं. पण एक अनपेक्षित गोष्ट घडली. रेक्टर सर दर फीस्टला गोडाच्या आधी फोन आल्यासारखं करून बाहेर जातात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी फोन आला नाही. दुसरी वाटी घेताना सर म्हणाले, "मला दुधाचं पचत नाही रे. सांगत बसण्यापेक्षा उठलेलं बरं." यावर आणखी चार जणांना कंठ फुटला. एक जण म्हणाला, "म्हणजे बासुंदीच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडतं ते मेसच्या तेलाने नाही?" काका बादली खाली ठेवून ओरडले, "तेच सांगतोय मी तीन वर्षं!"

दिवाळीच्या फीस्टला आता दोन गोडं असतील असा ठराव झालाय: एक इंजिनाच्या सायकलमधलं, एक बिनदुधाचं. बिनदुधाचं काय करायचं याच्या सूचना मेस सेक्रेटरीकडे द्याव्यात. कान्ह्याने गुळवणी-पुरणपोळी सुचवली आहे, तुपाशिवाय, पण चौसष्ट जणांच्या पोळ्या लाटणार कोण यावर चर्चा अडली आहे.

राहता राहिला अठरा नारळांचा चोथा. काका तो टाकून देणं शक्यच नव्हतं. सोमवारी चटणी, मंगळवारी उसळ, बुधवारी भोपळ्याची भाजी, गुरुवारी पुन्हा चटणी. त्याबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे आणू नयेत.